उमापूरच्या शिवारातून मुलाबाळांसह

खेड्यात कुणी "फिरायला निघालो" असे म्हटले, की पारावरची मंडळी आधी त्याच्या तोंडाकडे बघतात आणि मग पायाकडे. डोक्यावर पाटी नाही, हातात बैलाचा कासरा नाही, खांद्यावर फवाऱ्याची टाकी नाही, मग हा चालला कुठे? "काय ओ, मोजणी बिजणी आलीय का?" असे कुणी हटकून विचारतो. बाई माणसाने विनाकाम शिवारात फिरावे, हे तर आपल्याकडे अजून कुणाच्या डोक्यातच येत नाही. दिवसभरात दोन खेपा पाण्याच्या, एक खेप सरपणाची, पुन्हा खुरपणीला जाणे-येणे, एवढे चालल्यावर आणखी चालायचे कशाला, असे घरची माउली म्हणेल, आणि तिचे काही चुकत नाही.

तरीही वाचकहो, आज आम्ही तुम्हाला फिरायलाच नेणार आहोत. गाव उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड. शेवगावकडून गेवराईला येणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव पुष्कळांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिले असेल. येथे ना थंड हवा, ना धबधबा. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला दूरवर बालाघाटाची रांग आणि मधला सारा उतार काळ्या-मुरमाड जमिनीचा. ओढे-नाले बहुतेक गोदेकडे तोंड करून धावणारे. पावसाने साथ दिली तर कापूस, बाजरी, तूर, ज्वारी. नाही दिली तर काय होते ते बीडकराला सांगायला नको. अशा गावात सुट्टीच्या दिवशी सारे घर पायी बाहेर पडले तर काय काय दिसेल, तेच सांगायचे आहे.

तिकडे विलायतेत खेड्याच्या भोवती फिरणे हा घराघरातला रिवाज आहे. रविवारी जेवण झाले की आई-बाप, पोरे, म्हातारी आजी आणि कुत्रा अशी सगळी वरात निघते आणि शेतांमधून, कुंपणांमधून तीन-चार मैलांचा फेरा करून संध्याकाळी घरी येते. नवल वाटेल ते असे की ही वाट दुसऱ्याच्या मालकीच्या शेतातून जाते! इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सार्वजनिक वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर भरतात. शेतकऱ्याला शेत नांगरता येते, पण वाट मोडली तर पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, निदान १ मीटर रुंदीची. जिथे कुंपण आडवे येते तिथे लाकडी पायऱ्या असतात. माणूस चढून पलीकडे जातो आणि गुरे जागच्या जागी राहतात.

हे त्यांना सहज मिळाले असे मात्र समजू नका. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे काही शे गिरणी-कारखान्यांतले तरुण किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम बंदी मोडून चढले. तो डोंगर एका उमरावाने पाखरांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास घडला. पुढे १९४९ साली कायदा झाला आणि गावोगावच्या पायवाटा नकाशावर नोंदवून घेण्याचे काम सुरू झाले. नकाशावर आली ती वाट टिकली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण उमापूरला आल्यावर तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

आता निघू या. वेळ दिवाळीनंतरची धरा. मार्गशीर्ष-पौष सर्वांत उत्तम. पहाटेची थंडी, ज्वारी पोटऱ्यात किंवा निसवलेली, आभाळ स्वच्छ. सकाळी सहा-साडेसहाला निघावे आणि दहाच्या आत परत यावे. पहिल्या दिवशी लांब जाऊच नका. गावाच्या पांढरीपासून शिवेपर्यंत जाऊन या, तेवढे पुष्कळ झाले.

पांढरी हा शब्द पोरांना समजावून सांगण्यासारखा आहे. पिकाऊ जमीन ती काळी आणि माणसे राहतात ती पांढरी. शेकडो वर्षे एकाच जागी घरे पडली, पुन्हा बांधली, राख-शेण-माती साचत गेली आणि जमीन पांढुरकी झाली, उंच झाली. जुन्या गावच्या पांढरीत पावसाळ्यानंतर फिरले तर खापराचे तुकडे वर आलेले दिसतात. उचलून पाहा. एखादा जाड, ओबडधोबड असतो, एखादा लालभडक, गुळगुळीत. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. ते गोदावरीवर, उमापूरच्या वायव्येला. तिथल्या पांढरीतून अशाच खापरांच्या साहाय्याने दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचा माग विद्वानांनी काढला. तुमच्या पोराच्या हातातले खापर तेवढे जुने असेलच असे नाही, पण ते कुणाच्या तरी चुलीवर चढले होते एवढे नक्की.

तिथून पुढे शिवार. इथे एक काम आवर्जून करा. घरातल्या आजोबा-आजीला बरोबर घ्या. चालवत नसेल तर बैलगाडीत किंवा मोटारसायकलवर बसवून बांधापर्यंत आणा आणि मग त्यांना बोलते करा. गट नंबर अलीकडचे, पण शेताला नाव असते. कुणाचे चिंचेचे, कुणाचे माळाचे, कुणाचे खारीचे, कुणाचे चोपण. कुठल्या विहिरीला कुठल्या साली किती परसावर पाणी लागले, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कुठे जावे लागले, कुठल्या लिंबाखाली सुगडीचा खेळ मांडला जायचा, हे सारे त्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. ते कुठल्याही दप्तरात नाही. सातबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र मिळते. तिथे आपल्या पणजीने बाजरी काढताना विळा पायावर मारून घेतला होता, हे मिळत नाही.

पाखरे बघायची तर दुर्बीण लागत नाही. ताज्या नांगरटीत नांगरामागे बगळे असतातच. तारेवर बसलेला निळा नीलपंख, बांधावर शेपूट हलवत नाचणारा धोबी, माळावर "टिटिवटिव" करून तुमच्या डोक्यावर घिरट्या घालणारी टिटवी. टिटवी अशी ओरडू लागली तर जवळपास तिची अंडी किंवा पिल्ले आहेत असे समजावे आणि पोरांना बाजूने न्यावे. अंडी मातीच्या ढेकळासारखीच दिसतात, पायाखाली आली तरी कळत नाही. धोबी पक्षी हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो, हे पोरांना सांगितले की ती विचारतात, "ऊसतोडीला जातो तसा का?" हा प्रश्न बीड जिल्ह्यातल्या पोरालाच सुचावा.

तर शिवेकडे जाताना तुम्हाला एक अडचण हमखास येईल. आजोबा म्हणतील, इथून पाणंद होती, दोन बैलगाड्या सुखाने एकमेकींना ओलांडून जात. आणि समोर असेल तुरीचा फड, नाहीतर काटेरी तार. दरवर्षी एक-एक तास नांगर आत सरकत गेला, दोन्ही बाजूंनी सरकत गेला आणि पाणंदीची वाट झाली, वाटेची रेघ झाली, रेघेचा बांध झाला. कुणी एकाने केले असे नव्हे. ज्याचे शेत वाटेला लागून, त्याने केले, आणि आज त्याच्या मागच्या शेतकऱ्याला पावसाळ्यात खताची गोणी डोक्यावर न्यावी लागते. ऊस, कापूस बाहेर काढायला गाडी नाही म्हणून शेजाऱ्याच्या पाया पडावे लागते. भावकीतली निम्मी भांडणे या एका वाटेवरून उभी राहतात. फिरायला जाण्याच्या निमित्ताने ही गोष्ट पोरांच्या डोळ्यांसमोर आली तर वाईट काय?

गावचा नकाशा तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, पाहायला मिळतो. भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कलही मिळते. एक नक्कल घरी असावी. नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने दाखवतात आणि तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायवाट एकेरी तुटक रेघेची, सव्वाआठ फुटांची. पोरांच्या हातात नकाशा द्या आणि म्हणा, ही रेघ शोधा. त्यांना गुप्तधन शोधल्याचा आनंद होतो. रेघ सापडली आणि वाट सापडली नाही, तर काय ते तुमचे तुम्हाला कळेल.

शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४३ प्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. शेजारच्या गटांच्या बांधावरून वाट देता येते की नाही, हे ते चौकशी करून ठरवतात. २०२१ साली शासनाने पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी नावाची योजनाही आणली. पण घोळ करू नका. ही सारी तजवीज शेतकऱ्याला आपल्या शेतात जाता यावे म्हणून आहे. विलायतेसारखा कुणाच्याही रानातून मौजेने फिरण्याचा हक्क आपल्याकडे कुणी दिलेला नाही. दुसऱ्याच्या रानात पाय ठेवायचा तर हाक मारून विचारावे. आम्हाला तर वाटते की या विचारण्यातच निम्मे फिरणे आहे. "पाटील, जरा तुमच्या बांधानं जातो" म्हटले की माणूस जा म्हणतो आणि वर हुरड्याचे कणीसही हातात देतो. न विचारता तेच कणीस मोडले तर चोरी ठरते.

दुसऱ्या फेरीला कालव्याची वाट धरावी. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा उजवा कालवा शेवगावकडून गेवराई तालुक्यात शिरतो आणि १३२ किलोमीटर धावून माजलगावच्या जलाशयाला मिळतो. कालव्याच्या कडेने चालायला रस्ता सपाट असतो, म्हणून लहान मुलांसाठी सोयीचा. मात्र पाणी सोडलेले असताना पोराचा हात सोडू नका. कालव्याच्या कडा उतरत्या आणि शेवाळलेल्या असतात. आत गेलेल्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही.

तिसरी फेरी गोदाकाठची, आणि ती पूर्ण दिवसाची. उमापूरहून पोरेबाळे घेऊन नदीपर्यंत पायी जाऊन येणे होणार नाही. एस.टी.ने किंवा गाडीने काठाच्या गावी जावे आणि मग चालावे. राक्षसभुवनला शनीचे ठाणे आहे. शनी अमावास्येला तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मुलाबाळांसह जायचे तर साधा दिवस निवडा. त्याच परिसरात पांचाळेश्वर. महानुभाव पंथाचे आत्मतीर्थ ते हेच. गोदावरीच्या पात्रातले हे दत्तात्रेय प्रभूंचे स्थान पंथाच्या लोकांना फार पूज्य आहे आणि पंजाबपासून माणसे इथे दर्शनाला येतात.

राक्षसभुवनच्या घाटावर उभे राहून पोरांना १७६३ ची गोष्ट सांगा. पानिपत होऊन दोनच वर्षे झालेली. निजामाने पुणे लुटून जाळले होते. मराठ्यांनी त्याच्या मुलुखात लुटालूट करून उट्टे काढले आणि शेवटी या गोदाकाठी गाठ पडली. दिवस १० ऑगस्टचा, नदीला पूर. निजाम स्वतः थोड्या फौजेनिशी उत्तर तीरावर उतरून गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह दक्षिण तीरावर, म्हणजे आपल्या बाजूला, अडकला होता. थोरले माधवराव पेशवे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. चुलते राघोबादादा वेढ्यात सापडले असता माधवरावांनी नेट धरून हल्ला केला, विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडच्या तीरावरून निजामाला हे सारे नुसते बघत राहावे लागले. पुढे तहात ८२ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला. हे पुस्तकातून वाचताना नीट डोक्यात येत नाही. पण ते रुंद पात्र डोळ्यांसमोर असले आणि "या काठाला आपण, त्या काठाला निजाम, मधे पूर" असे म्हटले की सात वर्षांच्या पोरालाही लढाई कळते. नकळत ते एवढेही शिकते की नदीचा वेळ चुकला तर राजाचेही चालत नाही.

काठावरचे गोटे बघायला विसरू नका. तांबडे, पिवळसर, धुरकट, गारगोटीचे, अकिकाचे, असे नाना तऱ्हेचे गोटे पाण्याने घासून गुळगुळीत केलेले असतात. वरच्या अंगाला शेवगाव तालुक्यात मुंगी हे गाव आहे. तिथे नदीच्या जुन्या गाळात एकोणिसाव्या शतकात एका भूगर्भतज्ज्ञाला अकिकाची एक छिलका सापडली होती. ती माणसाने फोडून केलेली, म्हणजे लोखंड तर सोडाच, तांबेही ठाऊक नव्हते त्या काळचे हत्यार. तेव्हा ज्या गोट्याला धार आहे आणि ती धार एकाच बाजूने टवके काढून केल्यासारखी दिसते, तो जरा निरखून पाहावा.

आता कडू गोष्ट. गोदाकाठी वाळूचा उपसा किती झाला ते काठाच्या माणसांना विचारा. यंत्राने काढलेले खड्डे पाणी भरले की दिसत नाहीत. वर गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल. आपल्या लहानपणी जिथे म्हशी पोहणीला घालत होतो तिथेच आज पोरे बुडतात. म्हणून घाट सोडून कुठेही पाण्यात उतरायचे नाही, पोहता येत असले तरी नाही. पावसाळ्यात आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत तर नदीकाठची फेरी मुळीच धरू नका. पैठणचे दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढते. २००६ आणि २०२५ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना हे नव्याने सांगायला नको.

आणखी दोन-चार गोष्टी. अंधार पडताना किंवा झुंजुरक्याला उसाच्या फडाच्या कडेने पोरांना नेऊ नये. २०२० साली आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली होती. ऊस वाढला तसा बिबट्याही काठाकाठाने फिरू लागला आहे. गवतात पाय ठेवण्याआधी काठी आपटावी. घोणस लवकर हलत नाही आणि शिट्टीसारखा फुत्कार करते, तो ऐकू आला की जागीच थांबावे. पायात बूट नसले तरी चालेल, पण चप्पल मागे पट्टा असलेली हवी. पाण्याची बाटली माणशी एक. शिदोरीला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि गुळाचा खडा. बिस्किटाचे पुडे नेले तर कागद परत आणा. आपल्याच शेजाऱ्याची गाय तो कागद खाणार आहे.

शेवटी ज्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले त्यांच्याविषयी. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातली हजारो घरे कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे फिरायला जे दिवस उत्तम म्हणून आम्ही वर सांगितले, नेमक्या त्याच दिवसांत गावात म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली पोरे असतात. काही पोरे हंगामी वसतिगृहात जेवतात, काही आजीजवळ निजतात. या पोरांना रविवार फार मोठा वाटतो. तुमच्या घरची माणसे फिरायला निघाली तर शेजारचे असे एखादे पोर बरोबर घ्या. त्याच्या आजीला विचारून घ्या आणि तिच्या भाकरीवर विसंबू नका, आपल्या फडक्यात दोन जादा बांधा. ज्वारीला हुरडा आला असेल तर कुणाच्या तरी बांधावर आगटी पेटलेलीच असते. ते पोर आईबापाला फोनवर काय काय सांगेल ते ऐका. पाणंद कुठवर आहे, टिटवी कशी ओरडते, निजाम कुठल्या काठाला उभा होता. आणि पाडव्याला ती माणसे परत आली, की एखाद्या सकाळी उन्हे चढायच्या आत, त्याच पोराला पुढे घालून त्यांनाही शिवेपर्यंत चालू द्या. वाट त्याला ठाऊक झालेली असेल.